दादाची सेंटची बाटली

पुरुषाने सेंट लावावे की लावू नये, यावर आमच्या घरी पूर्वी बरेच वाद झाले. वडिलांचे मत असे की, पुरुषाच्या अंगाला वास यावा तो साबणाचा; त्याहून अधिक जे काही, ते नाटकवाल्यांना शोभते. पण आमचा दादा बोटीवर इंजिनिअर झाला आणि १९७९ साली पहिल्या सफरीहून परतला, तेव्हा त्याच्याआधी त्याचा वास घरात शिरला. वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, "नव्या वहाणा घेतल्यास वाटतं?"

वडिलांचे नाक किती तिखट होते, ते मला आता कळते आहे. त्या सेंटला खरोखरच नव्या चामड्याचा वास होता. चामड्याच्या मागे जुन्या लाकडाचा, आणि अगदी तळाशी विझत आलेल्या शेकोटीचा. दादा दर सफरीला एक बाटली आणी. त्याच्या कोटाला, ट्रंकेला, फार काय, त्याच्या पत्रांनासुद्धा तो वास असे.

२०१९ साली दादा गेला. त्याच्या कपाटात एक बाटली निघाली, तळाशी बोटभर सेंट असलेली. माझ्या पुतण्याने ती जपून ठेवली. वर्षातून एकदा, दिवाळीत, ती उघडायची आणि सर्वांनी हुंगायची, असा रिवाजच पडला. गेल्या दिवाळीत उघडली तर आत काही नव्हते. चाळिशी उलटलेला पुतण्या, त्याने बाटली हलवून पाहिली, उजेडात धरली आणि म्हणाला, "काका, बाबांचा हा वास कुठे मिळतो का बघा ना."

मी पडलो निवृत्त माणूस. म्हटले, त्यात काय मोठेसे? त्याच नावाची बाटली विकत आणली की झाले! आणली. नाव तेच, अक्षरांचे वळण तेच. घरी येऊन मनगटावर फवारा मारला मात्र, आणि आला तो संत्र्याच्या सालीचा आणि परीटघडीचा वास. चामडे नाही, धूर तर नाहीच. सौ.ने दुरूनच निकाल दिला, "अहो, हा तर वडिलांना पसंत पडला असता!"

आधी वाटले, दुकानदाराने फसवले. पण माल अस्सल होता. मग मी या प्रकरणाच्या मागेच लागलो. वाचकहो, त्यातून जे समजले, ते तुमच्यापैकी ज्यांच्या कपाटात अशी एखादी रिकामी बाटली असेल, त्यांच्यासाठी सांगतो.

चामड्याच्या वासाचे सेंट चामड्यातून काढत नाहीत. कातडे कमावताना सुटते ती घाणच. फ्रान्समधल्या ग्रास गावचे हातमोजे करणारे कारागीर ती घाण झाकण्यासाठी मोज्यांना सुवास देत, आणि त्यातूनच तिथला अत्तरांचा धंदा वाढला. रशियात कातड्याला बर्च झाडाच्या सालीचे डांबरी तेल चोळीत. त्याने कातड्यात पाणी मुरत नसे, कीड लागत नसे आणि वर एक धुरकट वास येई. हाच वास पुढे बाटलीत शिरला. १९२० नंतरच्या दशकात अर्नेस्ट बो याने शानेलसाठी 'क्युइर द रुसी' केले. नावाचा अर्थच रशियन चामडे. त्याच दशकात व्हिएन्नाच्या क्निझे या शिंप्यांच्या पेढीने 'क्निझे टेन' काढले. १९४४ साली जर्मेन सेलिए या बाईंनी 'बांदी'मध्ये आयसोब्युटिल क्विनोलिन हे कृत्रिम द्रव्य मुक्त हस्ताने घातले आणि कडवट, हिरवट चामडे उभे केले. ते सेंट बायकांसाठी होते, हे वडिलांना कळते तर त्यांनी काय म्हटले असते कोण जाणे!

मग हे वास गेले कुठे? याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. गोड्या मसाल्यातले दगडफूल आपल्या ओळखीचे आहे. युरोपात ओकच्या झाडावर दगडफुलाचेच एक भावंड वाढते. त्याला ओकमॉस म्हणतात. जुन्या मर्दानी सेंटांचा पाया पुष्कळदा त्यावर असे. पण त्यातल्या ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल या दोन द्रव्यांनी काही लोकांच्या कातडीला खाज सुटते, पुरळ येते. युरोपीय संघाने २०१७ साली त्यांच्यावर बंदीचा नियम केला, आणि ऑगस्ट २०२१ नंतर तसा माल दुकानात ठेवण्याचीही सोय उरली नाही. आता ओकमॉस वापरतात ते ही द्रव्ये काढून. बर्चच्या कच्च्या डांबरातही काजळीत असतात तसली अपायकारक द्रव्ये निघाली, म्हणून ते शुद्ध करूनच घालावे लागते. आणि म्हैसूरचे चंदन इतके दुर्मिळ आणि महाग झाले की, त्याच्या जागी पुष्कळदा प्रयोगशाळेतले चंदन येते.

म्हणजे मसाल्याच्या पुडीवरचे नाव तेच, पण आतले दगडफूल निम्मे आणि बाकीचे जिन्नस बदललेले. मग आमटी तीच कशी लागणार? कुणाच्या अंगावर पुरळ उठू नये म्हणून नियम झाले, त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. दादाची बाटली आता पुन्हा भरणार नाही, एवढे मी मनाशी कबूल केले.

ते कबूल केल्यावर मात्र काम सोपे झाले. नाव शोधायचे सोडून मी जिन्नस शोधू लागलो. चामडे, लाकूड आणि धूर हे तिन्ही वेगवेगळे हुंगायचे ठरवले. पहिल्या रविवारी एकदम नऊ सेंटे हुंगली आणि रात्री पिठल्याचा वासही कळेना. तेव्हा पुढे नियम केला : एका दिवशी तीनच. आधी कागदाच्या पट्टीवर, आवडले तर मनगटावर, आणि दोन तास निकाल द्यायचा नाही. पहिली पंधरा मिनिटे लिंबू-संत्र्याची असतात; खरा माणूस मागाहून बोलतो.

चामडे पुष्कळ सापडले. टॉम फोर्डच्या २००७ सालच्या 'टस्कन लेदर'मध्ये ते भरपूर आहे, पण सोबत फळाचा गोडवा आहे आणि किंमत ऐकून घाम येतो. त्याच घरचे २०१८ सालचे 'ओम्ब्रे लेदर' अधिक मऊ, नव्या हातपिशवीसारखे. लाकूड हवे तर झाँ-क्लोद एलेना यांचे २००६ सालचे 'तेर देर्मेस' सुरेख आहे. दिवसा कचेरीत जाणाऱ्याला तेच घे म्हणेन, पण त्यात शेकोटी नाही. धुरासाठी नाओमी गुडसर यांचे २०१२ सालचे 'ब्वा दासेझ' थेंबभर मिळाले. धूर असा की, सौ. गॅस बघून आली!

आणि मग लालिकचे 'आंक्र न्वार' हाती आले. नावाचा अर्थ काळी शाई. तेही २००६ सालचेच, नाताली लोर्सों यांनी केलेले, आणि टॉम फोर्डच्या मानाने पुष्कळच स्वस्त. पट्टी नाकाशी नेली आणि दादाच्या ट्रंकेचा तळ आठवला. मी गप्प बसलेला पाहून सौ.ने पट्टी घेतली. हुंगून म्हणाली, "अहो, हा तर वाळा! आपण माठात टाकतो तो."

खरेच, ते सेंट वाळ्याच्या मुळांवरच उभे आहे. तिच्या बोलण्याने मला वाट सापडली. आजच्या धुरकट, चामडी सेंटांत 'सिप्रिऑल' नावाचे एक तेल पुष्कळदा घालतात, असे मी वाचले होते. ते कुठल्या झाडाचे म्हणून पाहिले, तर आपला नागरमोथा! नरकचतुर्दशीला पहाटे कुडकुडत जे उटणे आपण अंगाला चोळून घेतो, त्यातली ही दोन मुळे. मी शोधत होतो साता समुद्रांपलीकडे.

दुसऱ्याच दिवशी महंमद अली रोड गाठला. तिथल्या एका वयस्क अत्तरवाल्याने नागरमोथ्याच्या तेलाची बारीक कुपी पुढे केली. मातकट, धुरकट, किंचित कातडी वास. "साहेब, जपून. थेंबभरच, आणि रुमालाला," तो म्हणाला. घरी येऊन अंगावर ती काळी शाई फवारली आणि रुमालाला एक थेंब लावून खिशात ठेवला. तासाभराने सौ. बाहेर आली, दारातच थबकली आणि काही न बोलता आत गेली.

दसऱ्याला पुतण्या आला. मी त्याच्या हाती रुमाल दिला. त्याने बराच वेळ हुंगला. मग मान हलवली.

"बाबांचा नाही हा, काका."

"नाही," मी म्हटले, "पण त्याच्या शेजारी बसणारा आहे."

तो हसला. जेवणे झाली, सोने देऊन झाले, तो निघाला. जिना उतरून पुन्हा वर आला आणि दारातूनच म्हणाला, "काका, तो रुमाल मी नेऊ का?"