संमतीपत्रातलं ते एक वाक्य

चिचगडसारख्या छत्तीसगड सीमेजवळच्या गावात बाल संरक्षणाच्या कामावर संशोधन करायचंय? मग संमतीपत्रातलं ‘तुमची माहिती कुणालाही सांगणार नाही’ हे वाक्य आधी खोडा. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, की ती पोलिसांना कळवावीच लागते. संशोधकाला सूट नाही. एखादी मुलगी मुलाखतीत बोलती झाली, तर तुमचं वचन तिथंच मोडतं, आणि तिला ते आधी माहीत असायला हवं. अनुभवी समाजकार्यकर्ती गप्पा सुरू करण्याआधीच हे सांगून टाकते. घरात गोंडी बोलत असतील तर दुभाषी लागेल, पण तो त्याच गावचा नको.

नाव बदललं की झालं, असंही नाही. बाल न्याय कायद्याचं (२०१५) कलम ७४ नाव, पत्ता, शाळाच काय, ओळख पटेल असा कुठलाच तपशील उघड करू देत नाही. पुण्यात ‘आठवीतली मुलगी’ म्हणजे हजारो जणी. इथं आश्रमशाळा आणि इयत्ता लिहिली, की बाजाराच्या दिवशी गावभर कळतं. कार्यकर्तीचंही तेच, तालुक्यात अशा असतात किती? प्रबंधात ‘पूर्व विदर्भातील एक तालुका’ एवढंच लिहा, परीक्षकांनी गावाचं नाव मागितलं तरी.