मधेच मुकी होणारी पट्टी

कीबोर्ड ऐन कार्यक्रमात दगा देतो आणि दुरुस्तीवाल्यासमोर मात्र शहाण्यासारखा वाजतो. म्हणून तो खोलण्याआधी बिघाड नेमका कधी होतो, ते पाहावं. वायर हलली की सगळाच बंद पडत असेल, तर संशय अ‍ॅडॉप्टरच्या सॉकेटवर. तिथलं सोल्डर ओढाताणीनं तडकतं.

ठरावीक एखादीच पट्टी छळत असेल, तर कारण बहुधा साधं असतं. बऱ्याच कीबोर्डांत पट्टीखाली रबराची टोपी असते आणि तिच्या आत कार्बनचे दोन काळे ठिपके. पट्टी दाबली की ते एकामागोमाग सर्किटला टेकतात. मधल्या काही मिलिसेकंदांवरून स्वर किती जोरात वाजवायचा, हे यंत्र ठरवतं. एका ठिपक्याखाली धूळ बसली, की स्वर कधी गायब, तर कधी हळू दाबूनही अंगावर आल्यासारखा. प्लग काढून, रबर अलगद उचलून, दोन्ही बाजू आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या बोळ्यानं हलक्या हातानं पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. सँडपेपर नको, कार्बनच निघून जातो. आणि बिजागरीपासून पंख्यापर्यंत सगळ्यावर मारला जाणारा तो तेलकट स्प्रे तर मुळीच नको. त्यावर धूळ आणखीच चिकटते.