जुन्या आर-१५ला मागे टायर कोणता?

नागपूरच्या नंदनवनात केडीके कॉलेजच्या आसपास सेकंडहँड आर-१५ घेणाऱ्या पोराचा प्रश्न ठरलेला: ‘भाऊ, मागे १३० बसते का?’

२००८च्या पहिल्या आर-१५ला यामाहाने पुढे ८०/९०-१७ आणि मागे १००/८०-१७ टायर दिला होता. १०० ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंची, १७ हा रिमचा इंचांतला व्यास. १३०/७०-१७ आला २०११च्या दुसऱ्या आवृत्तीत, पण सोबत रिम रुंद झाली आणि स्विंगआर्मही बदलला.

हिशेब करा: जुन्या टायरचा व्यास ५९२ मिमी, १३०चा ६१४. चाक पावणेचार टक्के मोठं, पिकअप तेवढा मंद. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटतो, त्याचा मूळ आकार बिघडतो. चेनला घासण्याची धास्ती वेगळीच. नुसत्या रुबाबासाठी हा सौदा महागातला. कंपनीचाच साइज घ्यावा.

टायर कधी बनला हे सांगणारे चार आकडे त्याच्या बाजूवर असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नागपूरच्या ४५ अंशांत रबर लवकर कडक होतं, तेव्हा नवा म्हणून जुना माल गळ्यात पडू नये यासाठी बिल करण्याआधी हे आकडे स्वतः वाचा.