डब्यावरचा नंबर

एजंट बेडरूमच्या भिंतीला पाठ टेकून उभा होता. हॉलमध्ये तो सगळीकडे फिरला, ओट्यावरून हात फिरवून ग्रॅनाइट दाखवला, बाथरूमचा दिवा लावून दाखवला. इथे आल्यावर मात्र जागचा हलेना. कपाट बघायच्या निमित्ताने मी पलीकडून वळसा घातला तेव्हा उलगडा झाला. त्याच्या खांद्यामागे, खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट खालपर्यंत, रंगाला फुगे आले होते. "पावसाळ्यात थोडंसं येतं मॅडम. सगळीकडेच येतं," तो म्हणाला.

पुण्यात कर्वेनगर-वारजे पट्ट्यात भाड्याने घर शोधायला लागून दोन महिने झाले होते, आणि हा सतरावा फ्लॅट. एव्हाना एजंट लोकांची रीत मला पाठ झाली होती. आधी दोन टाकाऊ जागा दाखवायच्या, म्हणजे तिसरी आपोआप बरी वाटते. वेळ अकरा-साडेअकराची द्यायची. तेव्हा उजेड असतो, शेजारची पोरं शाळेत असतात आणि गच्चीवरची टाकी भरलेली असते, त्यामुळे नळ सोडला की पाणी धो धो येतं. आपण दोन प्रश्न विचारायच्या आत त्यांचे चार आलेले असतात. फॅमिली ना? नॉनव्हेज खाता का? कुत्रं-मांजर? मिस्टर कुठे असतात?

'फॅमिली' या शब्दाला इथे वजन आहे. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. 1900 साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम पुण्याबाहेरच्या या माळावर आणला. शिकायला येणाऱ्या मुलींचा ओघ तेव्हापासून थांबलेला नाही. दर दोन इमारतींमागे एक मेस, एक झेरॉक्स आणि 'कॉट बेसिस'ची पाटी. त्यामुळे घरमालकांचेही दोन तट आहेत. एकाला फक्त मुली हव्यात, कारण माणशी हिशोबाने भाडं जास्त सुटतं. दुसऱ्याला फक्त फॅमिली हवी, कारण सोसायटीची कटकट नको.

ओल निदान दिसली तरी. पुढचे अकरा महिने ज्यांच्यासोबत काढायचे ते पाणी, वीज आणि शेजार दहा मिनिटांत कसे दिसणार?

त्याचं उत्तर मला तहानेने दिलं. त्या दिवशी खाली उतरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाण्याची बाटली मागितली. दुकानाबाहेर वीस लिटरचे निळे जार छताला टेकतील इतके रचलेले होते. सहज विचारलं, "एवढे जार कोण नेतं हो?"

"समोरची बिल्डिंग. बोअरचं पाणी आहे ना त्यांचं."

समोरची म्हणजे मी नुकतीच बघून आले तीच. एजंट मला म्हणाला होता, चोवीस तास पाणी. खोटं नव्हतंच ते. फक्त कुठलं पाणी, ते मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी गल्ली, मग घर. पावशेर शेंगदाणे नाहीतर उदबत्तीचा पुडा घ्यायचा आणि बोलत उभं राहायचं. इस्त्रीवाल्यांकडे बघून बरंच कळतं. एका इमारतीच्या जिन्याखाली कोळशाची जड इस्त्री फिरवणारे एक दादा होते. गठ्ठ्यांवर चिंध्यांच्या खुणा, प्रत्येक घराची वेगळी. ते म्हणाले, "या विंगमध्ये टिकत नाय कोणी. तीन वर्षांत तिसऱ्या मजल्याची चार गिऱ्हाइकं बदलली." का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही तो फ्लॅट बघायला गेले नाही.

पण खरी माहिती गिरणीवर मिळते. मी गेले ती गिरणी दोन चक्क्यांची: एक गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची. पट्टा फिरायला लागला की समोरासमोर ओरडून बोलावं लागतं. काका हातातल्या पट्टीने जात्याच्या तोंडाशी ठोके देत होते आणि दुसऱ्या हाताचा अंगठा-तर्जनी पिठात बुडवून जाडबारीक बघत होते. भिंतीशी स्टीलच्या डब्यांची रांग. मी मनात ते डबे मोजत होते. ज्या गल्लीतून गिरणीवर तीस-चाळीस डबे येतात, तिथे घरोघरी पोळ्या लाटल्या जातात, माणसं टिकून राहतात. वीज कधी जाते तेही काकांइतकं कुणाला ठाऊक नसतं. "गुरुवारी दुपारपर्यंत धरूनच चाला," ते म्हणाले, "एरवी नाही जात."

रांगेच्या टोकाला एक डबा वेगळा ठेवलेला होता. झाकणावर पिठाचा थर बसलेला.

"हा कुणाचा?"

"बारा दिवस झाले. न्यायला कोणी आलं नाही. जागा सोडली वाटतं त्यांनी." मग माझ्याकडे नीट बघून, "तुम्ही बघताय का जागा? मालकीणबाई याच गल्लीत राहतात."

एजंटची एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली वाचली ती अशी. फ्लॅट काही देखणा नाही. गॅलरीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात. पण कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी येतं, हे मला करार करण्याआधी तीन दुकानदारांनी सांगितलं होतं, आणि तिघांचंही म्हणणं एकच होतं.

करारासाठी एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन मालकीणबाईंच्या घरी आला. त्यांच्या म्हाताऱ्या बोटाचा ठसा उमटेना. ओल्या फडक्याने अंगठा पुसून पाचव्यांदा लागला. करार अकरा महिन्यांचा. वर्षाच्या आतल्या कराराची नोंदणी पूर्वी टळायची, तेव्हा पडलेली ही सवय. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने राज्यात लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी मुदत कितीही असली तरी सक्तीची केली, आणि ती करून घ्यायची जबाबदारी मालकावर टाकली. अकरा महिन्यांना आता तसा अर्थ उरलेला नाही. आकडा मात्र राहिला. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, अनामत रकमेचं दहा टक्के दराने व्याज धरून. शहरात नोंदणीचे हजार. बावीस हजार भाड्याला हे सगळं दोन हजारांच्या आत बसतं. तरी 'कशाला उगाच कागद' म्हणणारे मालक मला दोन भेटले होते, आणि दोघांनाही मी नमस्कार करून आले होते.

सामान लागल्यावर पहिल्याच रविवारी पाच किलो गहू घेऊन गिरणीवर गेले. काकांनी डबा उलटा केला, खिशातून मार्कर काढला. मी आडनाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलं, आणि डब्याच्या बुडावर लिहिलं, 'बी 6'.

"काका, नाव?"

"घरमालक असला की नाव लिहितो, ताई," ते चक्कीचा आवाज चढायच्या आत म्हणाले. "भाड्याच्या घराला नंबरच बरा. नाव सारखं पुसावं लागतं."

तो बेवारशी डबा अजून तिथेच होता. त्याच्याही बुडावर, जरा पुसट, 'बी 6' होतं.