सुधाकर लक्षात राहतो, तळीराम नाही

तरुण मुलगा पिऊ लागल्याचं कळलं की घरात पहिला प्रश्न येतो : याला कसलं दुःख आहे? परीक्षेतलं अपयश, न मिळालेली नोकरी, प्रेमभंग असं काहीतरी शोधलं जातं, आणि ते सापडलं नाही तर घरचे आणखी गोंधळतात. हा समज आपल्याकडे नाटक-सिनेमांनी घट्ट केला आहे. ‘एकच प्याला’तला सुधाकर भर कोर्टात झालेल्या अपमानानं खचतो आणि प्याला उचलतो, एवढं सगळ्यांच्या लक्षात असतं. पण तो प्याला पुढे करणारा तळीराम आणि त्याच्या मागचं अख्खं आर्य मदिरा मंडळही गडकऱ्यांनी तितक्याच बारकाईनं रंगवलं होतं. तरुणांच्या पिण्यावर गेल्या पन्नास वर्षांत जे संशोधन झालं, ते वाचताना माझं मत असं झालं आहे की आपण सुधाकराकडे फार पाहतो आणि तळीरामाकडे फार कमी.

लिन कूपर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1994 साली पिण्यामागच्या हेतूंची जी मांडणी केली, ती आजही वापरात आहे. लोक चार कारणांसाठी पितात : चारचौघांत मजा यावी म्हणून, स्वतःला छान वाटावं म्हणून, त्रास विसरण्यासाठी, आणि मित्रांनी वेगळं काढू नये म्हणून. पुढे अनेक देशांत तरुणांना हेच प्रश्न विचारले गेले, तेव्हा बहुतेकांनी पहिलं कारण सांगितलं. त्रास विसरण्यासाठी पिणारे थोडे निघाले.

पण माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर किती विसंबायचं? ही शंका रास्त आहे, म्हणून रोजच्या नोंदींचे अभ्यास महत्त्वाचे ठरतात. त्यांत सहभागी व्यक्ती त्या त्या दिवशीच आपली मनःस्थिती आणि प्यालेले ग्लास नोंदवते. योनास डोरा आणि सहकाऱ्यांनी अशा 69 अभ्यासांतली 12,394 जणांची माहिती एकत्र तपासली. ज्या दिवशी मन खिन्न होतं त्या दिवशी लोक जास्त प्याले, असं त्यात दिसलं नाही. ज्या दिवशी मन प्रसन्न होतं, त्या दिवशी पिण्याची शक्यताही वाढली आणि प्रमाणही. ‘मी त्रास विसरायला पितो’ म्हणणारे एकूण जास्त पीत होते, पण त्यांचंही पिणं वाईट दिवसांत विशेष वाढलेलं आढळलं नाही.

यावर कुणी म्हणेल, की आनंदामुळे पिणं वाढतं असं कशावरून? शनिवारी सुट्टी असते, मित्र भेटणार असतात, म्हणून मनही खुलतं आणि बाटलीही उघडते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यानं माझंच म्हणणं बळकट होतं. मनःस्थिती आणि पिणं या दोहोंमागे प्रसंग आणि सोबत उभी असते. अ‍ॅलन मार्लॅट यांच्या प्रयोगांत शेजारी बसलेला माणूस भराभर पीत असला की विद्यार्थीही जास्त पीत. हा शेजारी प्रयोगकर्त्यांनीच बसवलेला असे. पिट्सबर्गमध्ये मायकेल सायेट यांनी 720 अनोळखी तरुणांना तिघातिघांच्या गटात बसवलं. दारू मिळालेल्या गटांत तिघांनी एकदम हसण्याचे क्षण जास्त आले आणि जवळीकही जास्त जाणवली. म्हणजे मैफलीत मिळणारं बक्षीस खरं असतं. ते नाकारून तरुणांशी बोलायला गेलात तर ते तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाहीत.

त्याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष प्रिन्स्टन विद्यापीठातला. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी 1993 साली दाखवलं, की कॅम्पसवरच्या पिण्याबद्दल बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात किंतु होता. पण बाकीच्यांना ते चालतं, असं प्रत्येकाला वाटत होतं. सत्र संपेपर्यंत मुलग्यांनी आपलं मत या कल्पित बहुमताकडे सरकवलं होतं. ज्या दबावापुढे ते झुकले, तो तितका अस्तित्वातच नव्हता.

मग दुःखाचा संबंधच नाही का? आहे, आणि तो गंभीर आहे. त्रास विसरायला पिणाऱ्यांच्या वाट्याला, तेवढंच पिणाऱ्या इतरांपेक्षा, जास्त समस्या येतात. अमेरिकेतल्या दीर्घकालीन पाहणीत तरुण वयात एकट्यानं पिणाऱ्यांमध्ये पस्तिशीत व्यसनाची लक्षणं जास्त आढळली. त्यामुळे दुःखी मुलाकडे लक्ष द्यायलाच हवं. पण फक्त त्याच्याकडेच पाहिलं, तर पदवी मिळाली म्हणून, पहिला पगार झाला म्हणून बेसुमार पिऊन बाइकवर बसणारा हसरा मुलगा आपल्या नजरेतून निसटतो.

हे सगळं परदेशातलं आहे, हा आक्षेपही तपासायला हवा. भारतात 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरचे सुमारे 19 टक्के पुरुष आणि 1 टक्का स्त्रिया दारू पितात. म्हणजे इथे न पिणारेच बहुसंख्य आहेत. हॉस्टेलच्या खोलीत ‘आज बसायचं का?’ असं विचारलं जातं तेव्हा मात्र हे बहुमत कुणाला दिसत नाही, कारण न पिणारा बोलत नाही. प्रिन्स्टनचा निष्कर्ष आपल्याकडे पडताळून पाहण्यासारखा आहे तो याचसाठी. कॉलेजांनी व्यसनमुक्तीच्या व्याख्यानात यकृताची चित्रं जरूर दाखवावीत. पण त्याच तासात मुलांकडून निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात, त्यांना स्वतःला पिण्याबद्दल काय वाटतं आणि बाकीच्यांना काय वाटत असेल हे विचारावं, आणि दोन्ही उत्तरं त्यांच्यासमोर फळ्यावर लिहावीत.