हरिश्चंद्रगड : डोंगरमाथ्यावरचं प्राचीन दगडी वैभव

पेरूमधलं इंका लोकांचं माचू पिचू पंधराव्या शतकातलं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावरचं हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर त्याहूनही जुनं आहे.

गडावर जायला राजूरमार्गे पाचनई ही सर्वांत सोपी वाट. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांबची, तर नळीची वाट फक्त सरावलेल्यांसाठी. तारामती हे सर्वोच्च शिखर १४२९ मीटरवर आहे.

मंदिरापाशी मात्र घाई करू नका. शिखरावरचं बारीक कोरीवकाम खालपासून वरपर्यंत सावकाश पाहा. चांगदेवांनी इथंच तप केलं आणि चौदाव्या शतकात ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ लिहिला; त्यांचा उल्लेख असलेले शिलालेखही इथं आहेत. जवळच पुष्करणी, तिच्या एका बाजूला ओळीनं देवकोष्ठं. थोडं खाली केदारेश्वराची गुहा : मधोमध भलंमोठं शिवलिंग, भोवती कंबरभर गारठलेलं पाणी. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, बाकीचे तुटलेले.

पश्चिमेला आत वळलेला कोकणकडा. इथंच १८३५ मध्ये कर्नल साईक्सनं इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिलं. कड्याच्या टोकाशी उभं राहू नका, पालथं पडूनच खाली डोकवा.

पाचनईच्या घरांतून पिठलं-भाकरी मिळते, तिथंच जेवा. गुहेतल्या पाण्यात साबण वापरू नका, आणि वर नेलेलं प्लॅस्टिक आठवणीनं खाली आणा.