दुर्मिळ रोगांचा दिवस व सरकारी जाहीरनामा

गांवांत दवंडी पिटली जाई तेव्हां लोक हातांतलें काम टाकून दाराशीं येत. दवंडी देणाराच्या तोंडून निघालेली गोष्ट त्याची स्वतःची नसे. ती पाटलाची, मामलेदाराची, पर्यायानें सरकारची असे, व म्हणून ती ऐकणें भाग पडे. तीच गोष्ट शेजाऱ्यानें ओट्यावर बसून सांगितली असती तर कोणी मान वर करून पाहिलेंहि नसतें. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत दुर्मिळ रोगांनीं ग्रासलेल्या माणसांचीं कुटुंबें दर हिंवाळ्यांत आपापल्या संस्थानच्या गव्हर्नराकडे जो एक अर्ज धाडतात, त्याचें मर्म या दवंडींत सांपडतें. अर्जांतील मागणी वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक असते. पैसा नको, जागा नको, नोकरी नको. फेब्रुवारी महिन्याचा अखेरचा दिवस हा ‘दुर्मिळ रोग दिन’ होय, एवढें सरकारनें आपल्या सहीशिक्क्यानिशीं जाहीर करावें.

दुर्मिळ रोग कोणता, याचें उत्तर देशागणिक निराळें आहे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें ज्या रोगाचे रोगी त्या देशांत २ लाखांहून कमी आहेत तो दुर्मिळ. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें दर १०,००० माणसांमागें ५ पेक्षां अधिकांना नसलेला तो दुर्मिळ. भारत सरकारनें सन २०२१ मध्यें दुर्मिळ रोगांविषयींचें राष्ट्रीय धोरण ठरविलें, तेव्हां मात्र असा आंकडा त्यांत घातला नाहीं. देशांत अशा रोग्यांची पुरेशी मोजदादच झालेली नाहीं, हें तेथें प्रांजळपणें नमूद केलें आहे. यावरून ध्यानांत येतें तें असें कीं, दुर्मिळपणा हा रोगाचा गुण नसून त्या त्या मुलखाच्या शिरगणतीचा आहे. तांबड्या रक्तपेशींना विळ्याचा आकार आणणारा सिकलसेल रोग हें याचें उत्तम उदाहरण. अमेरिकेंत त्याचे रोगी सुमारें १ लाख, म्हणजे कायद्यानें तो दुर्मिळ. पण विदर्भांत किंवा सातपुड्यांतील पाड्यांवर जाऊन त्याला दुर्मिळ म्हणणें ही थट्टा होईल.

एकेक रोग विरळा असला तरी सर्वांची बेरीज लहान नाहीं. असे ६,००० हून अधिक रोग नोंदले गेले असून त्यांपैकीं सुमारें ७२ टक्के आनुवंशिक दोषामुळें उद्भवतात. जगांतील अशा एकंदर रोग्यांची संख्या अंदाजें ३० कोटी धरली जाते. परंतु बेरजेचा रोग्यास उपयोग काय? त्याचें दुखणें एकट्याचें असतें. गांवच्या डॉक्टरानें तसा दुसरा रोगी जन्मांत पाहिलेला नसतो, आणि औषधाच्या कारखानदारास मूठभर गिऱ्हाइकांसाठीं भट्टी पेटविणें परवडत नाहीं. अशा औषधांस इंग्रजींत ‘अनाथ औषधें’ हें नांव पडलें, तें फारच समर्पक आहे.

हें अनाथपण कांहीं अंशीं कसें दूर झालें, ती हकीकत येथें सांगणें अवश्य आहे. कनेक्टिकट संस्थानांतील अ‍ॅबी मायर्स या गृहिणीच्या मुलास टूरेट नांवाचा मज्जाविकार होता. ज्या औषधानें त्यास गुण येत होता त्याचा प्रयोग कारखान्यानें सोडून दिला, कारण त्यांत नफा दिसेना. तिच्यासारखीं इतर रोगांनीं गांजलेलीं कुटुंबें हळूहळू एकत्र आलीं. पण त्यांचें म्हणणें बराच काळ कोणाच्या कानीं गेलें नाहीं. सन १९८१ मध्यें ‘क्विन्सी’ नांवाच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेंत याच विषयावर एक भाग दाखविण्यांत आला, व तींत डॉक्टराची भूमिका करणारा नट जॅक क्लगमन हा पुढें काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष द्यावयास गेला. नट आला म्हणून वार्ताहरहि आले. खऱ्या रोग्याचें रडगाणें ऐकावयास ज्यांना सवड नव्हती, त्यांना लटक्या डॉक्टराचें भाषण ऐकावयास ती सांपडली! लोकशाहीचा हा कारभार हंसूं आणणारा खरा; पण ४ जानेवारी १९८३ रोजीं अध्यक्ष रेगन यांनीं ‘अनाथ औषधांच्या कायद्या’वर सही केली, हें त्याचें फळ नाकारतां येत नाहीं. त्यापूर्वींच्या दहा वर्षांत अशीं औषधें जेमतेम दहा बाजारांत आलीं होतीं. त्यानंतर तीं कित्येक शें आलीं.

दिवस पाळण्याची कल्पना मात्र युरोपची. तेथील रोग्यांच्या संघटनांच्या ‘युरॉर्डिस’ या मंडळानें २९ फेब्रुवारी २००८ हा पहिला दिवस पाळला. चार वर्षांतून एकदां येणारी तारीख, म्हणजे पंचांगांतील दुर्मिळ तिथि. ती योजण्यांत कल्पकता होती. इतर वर्षीं हा दिवस २८ तारखेस येतो. सन २००९ मध्यें अमेरिका त्यांत सामील झाली, आणि गव्हर्नरांकडे अर्ज जाऊं लागले.

या अर्जाची रीत मोठी मनोरंजक आहे. अर्जदार बहुधा त्याच संस्थानचा रहिवासी असावा लागतो. अर्ज दिवसाच्या पुष्कळ आधीं, कोठें तीन-चार आठवडे तर कोठें त्याहूनहि अगोदर, पोंचला पाहिजे. आणि जाहीरनाम्याचा मसुदा अर्जदारानेंच लिहून जोडावयाचा असतो. राज्यकर्त्यानें काय बोलावें तें प्रजेनें त्याच्या तोंडीं घालावयाचें, हा प्रकार पूर्वींच्या राजांस चमत्कारिक वाटला असता. मसुद्याचा सांचा ठरलेला आहे. सरकारी मराठी कागदांवरून ज्यांची नजर फिरली असेल त्यांस तो परका वाटणार नाहीं, कारण तोच तो ‘ज्याअर्थीं’ आणि ‘त्याअर्थीं’ यांचा सांचा होय. ज्याअर्थीं अडीच ते तीन कोटी अमेरिकनांस कोणता ना कोणता दुर्मिळ रोग आहे. ज्याअर्थीं यांतील बहुतेक रोगांवर मान्यता पावलेला उपचार अद्याप नाहीं. ज्याअर्थीं रोगाचें नांव कळेपर्यंतच कित्येक कुटुंबांचीं वर्षें निघून जातात. त्याअर्थीं मी, अमुक संस्थानचा गव्हर्नर, असें जाहीर करतों कीं, इत्यादि. अशीं चार-सहा कलमें व एक पान, यापलीकडे मजकूर जाऊं द्यावयाचा नसतो.

येथेंच नवख्या अर्जदाराची कसोटी लागते. आपल्या मुलाच्या आजाराची दहा वर्षांची कथा ज्या आईच्या मनांत सांठली आहे, तिला चार कलमें कशीं पुरावीं? पण कचेरींतील कारकुनास दुःख नको असतें. त्यास विधान हवें असतें, आणि तेंहि असें कीं दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत कोणी खोटें पाडूं शकणार नाहीं. औषधाच्या कारखान्याचें नांव, वर्गणीची विनंति किंवा वादग्रस्त कायद्याची मागणी मसुद्यांत डोकावली कीं अर्ज बहुधा मागें पडतो. हें कठोर दिसतें, तथापि त्यांत लाभहि आहे. दुःखांतून जें सांगण्याजोगें आहे तें निवडून काढण्याची शिस्त त्या घराला लागते, आणि तोच कागद पुढें शाळेंत, इस्पितळांत, आमदारापुढें ठेवावयास उपयोगी पडतो.

मंजूर होऊन येतो तो एक शिक्का मारलेला कागद. त्यास कायद्याचें बळ नाहीं. त्यामुळें खजिन्यांतून एक डॉलरहि निघत नाहीं. त्याची मुदतहि त्या वर्षापुरती. पुढील वर्षीं पुन्हा नवा अर्ज. शिवाय अशा कागदांचें पीक फार आलें कीं त्यांचें मोल उतरतें, हेंहि खरें. सन १९८० नंतरच्या दशकांत काँग्रेसनें केलेल्या कायद्यांचा मोठा हिस्सा अमका दिवस व तमका आठवडा जाहीर करण्यांतच खर्च होत असे. अखेर १९९५ सालीं प्रतिनिधिगृहानें असलीं स्मारक-बिलें आणूंच नयेत असा नियम केला.

मग हा खटाटोप व्यर्थ म्हणावा काय? याचें उत्तर जाहीरनाम्यांत काय सांगितलें आहे यावर अवलंबून आहे. रे सिंड्रोम नांवाचा एक दुर्मिळ रोग मुलांना होतो. त्यांत मेंदूस सूज येते, यकृत बिघडतें, आणि मूल दगावूंहि शकतें. फ्ल्यू किंवा कांजिण्या झालेल्या मुलास अ‍ॅस्पिरिन देण्याशीं त्याचा संबंध दिसून येतांच सन १९८० पासून अमेरिकेंत आरोग्यखात्यानें आईबापांस सावध करण्यास आरंभ केला, व १९८६ मध्यें औषधाच्या वेष्टनावर तशी सूचना छापणें सक्तीचें झालें. १९८० च्या सुमारास वर्षाला ५५५ रोग्यांची नोंद झाली होती. १९८७ पासून पुढें दहा वर्षांत ती कोणत्याहि वर्षीं ३६ च्या वर गेली नाहीं. यांत नवें औषध शोधलें गेलें नव्हतें. घराघरांत एक वाक्य पोंचलें होतें, इतकेंच. मात्र तें वाक्य नेमकें होतें. ‘जागृति करा’ असें मोघम सांगणारें नव्हतें.

ड्यूशेन नांवाच्या स्नायुक्षयाच्या बाबतींत असेंच एक वाक्य हवें आहे. हा रोग बहुतेक मुलग्यांनाच होतो. डिस्ट्रोफिन नांवाचें स्नायूंतील प्रथिन ज्या जनुकावरून घडतें त्याचे ७९ खंड आहेत, म्हणून त्याचा दिवस सातवी सप्टेंबर, म्हणजे ७-९, असा निवडला गेला. सन २०२३ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेंहि तो मान्य केला. तीन-चार वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठतांना आपल्याच गुडघ्यांवर व मांड्यांवर हात टेकीत वर चढत असेल, जिन्यावर अडखळत असेल व पोटऱ्या मात्र भरदार दिसत असतील, तर त्याच्या रक्तांतील क्रिएटिन कायनेज या द्रव्याची तपासणी करावी, एवढेंच तें वाक्य. तपासणी साधी आहे. पण ‘मूल आळशी आहे’, ‘वयानें सुधारेल’ अशा समजुतींत वर्षें जातात, आणि निदान होईपर्यंत पुष्कळदां त्याच घरांत पाठचा मुलगा जन्मलेला असतो. रोग आईच्या बाजूनें येऊं शकतो हें वेळेवर कळलें असतें तर त्या आईबापांस विचार करावयास अवधि मिळाला असता. हा अवधि मिळवून देण्यासाठीं गव्हर्नराचा शिक्का उपयोगी पडत असेल, तर त्या कागदास क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं.

एखाद्या दिवसास जागतिक मान्यता हवी असल्यास रोग्यांच्या संघटनेच्या अर्जानें भागत नाहीं; एखाद्या सभासद राष्ट्रानें आमसभेंत ठराव आणावा लागतो. १९ जून हा सिकलसेल दिवस २२ डिसेंबर २००८ रोजीं अशाच ठरावानें ठरला. दुर्मिळ रोग्यांविषयींचा सर्वसाधारण ठराव डिसेंबर २०२१ मध्यें झाला, आणि मे २०२५ मध्यें जागतिक आरोग्य सभेनेंहि त्या विषयावर ठराव केला.

भारतांत गव्हर्नराकडून जाहीरनामा लिहवून घेण्याची अमेरिकेसारखी रूढि नाहीं. येथें दिवस ठरतात ते बहुधा मंत्रालयांच्या कचेऱ्यांतून. २०२१ च्या धोरणानुसार कांहीं निवडक इस्पितळांस या रोगांचीं केंद्रें म्हणून मान्यता मिळाली, त्यांत मुंबईंतील परळचें के. ई. एम. रुग्णालय आहे, सन २०२२ मध्यें अशा केंद्रांतील रोग्यास मिळणाऱ्या सरकारी साह्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यांत आली. जन्मभर घ्यावयाच्या महागड्या औषधास ती किती दिवस पुरावी, हा निराळा प्रश्न. त्याआधींचा प्रश्न हा कीं, परळपर्यंत जावयाचें आहे हें गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या आईला कोणी सांगावयाचें? महाराष्ट्र सरकारास कोणी असा मसुदा लिहून देणार असेल तर त्यांत हें केंद्राचें नांव व वर सांगितलेलें तें एक वाक्य अवश्य असावें. खरी २९ फेब्रुवारी यापुढें सन २०२८ मध्यें, मंगळवारीं, येत आहे. अमेरिकेंतील रीतीनें पाहिलें तर त्या अर्जाची वेळ जानेवारींतच संपेल.